मोंबासाहून आणलेल्या शेंगा

कापूस मला फसवू शकत नाही, असं मी विशीपासून छातीठोकपणे सांगत आलो, आणि ते खोटंही नव्हतं. पुलगावच्या बाजारात कापसानं भरलेली बैलबंडी उभी राहिली की वरचा कापूस मी बघायचोच नाही. वरचा सगळ्यांचाच चांगला असतो. मी बाही सारायचो, हात कोपरापर्यंत आत घालायचो, तळातला मूठभर कापूस ओढून काढायचो आणि गालाला लावायचो. हाताला फसवता येतं, गालाला येत नाही. कापूस गालाला गार लागला की मी बंडीवाल्याकडे नुसतं बघायचो, आणि तो बिचारा स्वतःच म्हणायचा, "जरासं दव पडलतं जी." दव कसलं, वजन वाढावं म्हणून मारलेलं विहिरीचं पाणी ते! ओला माल म्हणजे लबाडी आणि कोरडा माल म्हणजे इमान, एवढंच माझं शास्त्र होतं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचे मालकसुद्धा माझ्या गालाला मान द्यायचे. त्यामुळे मी जरा फुगलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

घरात मात्र मला कोणी मान देत नसे, कारण घरात ताई होती. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पदरी मूलबाळ नसताना ऐन तारुण्यात विधवा होऊन ती समुद्रपूरकडच्या सासरहून माझ्याकडे आली, आणि आल्याच्या चौथ्या दिवशी म्हणाली, "भावाच्या ताटात बसून खाणं मले जमणार नाई. काम पाय माह्यासाठी." पुलगावच्या लष्करी डेपोतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर तिला स्वयंपाकाचं काम मिळालं. तिथल्या बाईसाहेब हौशी होत्या. त्यांनी ताईला कस्टर्ड शिकवलं, पुडिंग शिकवलं आणि आइस्क्रीम शिकवलं. साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना त्या आपला आइस्क्रीमचा पॉट ताईला देऊन गेल्या. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा आणि वर फिरवायचा दांडा.

त्या पॉटवर ताईनं आपलं आयुष्य उभं केलं. वर्ध्याहून पॅसेंजरनं बर्फ यायचा, लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळलेला. तो फोडायचा, मीठ टाकायचं, आणि आटवलेलं दूध आत घालून तासभर दांडा फिरवायचा. दोन उन्हाळ्यांत तिचं नाव झालं. बंगल्यांतून बोलावणी यायची, गिरणीतल्या लोकांकडून यायची. नवऱ्यामागे बाईला लोक ज्या नावानं ओळखतात ते नाव पुसून तिनं स्वतःचं दुसरं नाव लावलं होतं. पुलगावात तिला सगळे 'आइस्क्रीमवाल्या बाई' म्हणत. ते ऐकलं की ती पदर नीट करायची.

मग ती बाटली आली. आइस्क्रीमला वास यावा म्हणून ताई बाजारातून व्हॅनिलाची बाटली आणत असे. एका मे महिन्यात नेहमीची बाटली मिळेना, म्हणून दुकानदारानं दुसरीच दिली. लेबल झकपक, वास तर असा की झाकण उघडताच डोक्यात जावा. डेपोतल्या दुसऱ्या एका साहेबाच्या मुलाचा वाढदिवस होता. ताईचं आइस्क्रीम खाऊन सात-आठ पोरं ओकली. डॉक्टरांनी दूध पाहिलं, डबा पाहिला आणि शेवटी ती बाटली हुंगून बाजूला ठेवली. "हे व्हॅनिला नाही. हे काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा उड्या मारू लागली. पण लोकांची जीभ पोरांच्या पोटाइतकी लवकर बरी होत नाही.

आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. मनानं वाईट नव्हत्या, पण तोंडाला फाटक नव्हतं. त्या विहिरीवर सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "बाटलीले काऊन बोल लावता? पांढऱ्या कपाळाचा हात लेकरांच्या तोंडापाशी न्याले नको, एवढंच माह्यं म्हणणं." ताई तिथंच पाणी भरत होती. ती घागर भरून घरी आली, पॉट घासला, उन्हात वाळवला आणि माळ्यावर उपडा ठेवून दिला.

"अशी हार मानशील?" मी चिडून विचारलं.

"हार नाई मानली," ती म्हणाली. "बाईसाहेब सांगत होत्या, खरी व्हॅनिला बाटलीत नसते. शेंग असते. काळी, चवळीच्या शेंगेएवढी. आफ्रिकेकडच्या बेटांवर होते. ते भेटली त पॉट खाली काढीन. जे मले हातानं पाहता येत नाई, डोळ्यानं पाहता येत नाई, ते आता लेकरांच्या पोटात घालणार नाई."

वर्ध्यात चौकशी केली, नागपुरात केली. व्हॅनिलाची शेंग म्हटलं की दुकानदार आयुर्वेदाच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. पॉट माळ्यावर, आणि ताई पुन्हा दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला. तिला आता कोणी आइस्क्रीमवाल्या बाई म्हणेना. मला ते बघवत नव्हतं.

आणि योग असा की त्याच पावसाळ्यात युगांडातल्या एका जिनिंगसाठी माणसं पाहायला एक गुजराती मुनीम आमच्या भागात आला. तिथंही कापूस पिकतो, आणि हंगामापुरता पारखी माणूस हवा होता. मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं पैशासाठी चाललो. पैशासाठीही चाललोच होतो, पण बोटीवर चढताना माझ्या डोक्यात शेंग होती.

तो हंगाम कसा गेला ते सांगत बसत नाही. कापूस इथूनतिथून कापूसच. तिथल्या शेतकऱ्यांनाही दव पडलेलं असायचंच. परतताना मोंबासा बंदरात बोटीसाठी थांबलो आणि मसाल्यांचा बाजार गाठला. मादागास्करकडून आणि आसपासच्या बेटांवरून व्हॅनिला तिथं उतरायची. पहिल्याच दुकानात एक म्हातारा कच्छी व्यापारी बसला होता. त्यानं पत्र्याचा डबा उघडला, आतला मेणकागद बाजूला केला आणि शेंगांची एक जुडी माझ्या पुढ्यात ठेवली. मी ती उचलली आणि गालाला लावली.

गार. चिकट. आणि वर पांढरी पांढरी बुरशी!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परदेशी माणूस पाहून मला भिजवलेला, बुरसटलेला माल देतो? "सेठ, ये गीला है. हम कापूसवाले हैं, हमको मत सिखाओ," मी म्हणालो. म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं, "भाई, माल यही है." मी मोठ्यानं हसलो आणि पायरी उतरलो. चार दुकानं सोडून दुसऱ्यानं मला दाखवल्या त्या शेंगा हलक्या, कोरड्या, हातात कुरकुर वाजणाऱ्या. गालाला लावल्या, ऊबदार लागल्या. ओल नाही, बुरशी नाही. दुकानदारही माझ्या पारखीवर खूश झाला. तो इतका खूश का झाला, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी मोठी जुडी घेतली आणि बारा दिवस बोटीवर ती उशाशी ठेवून झोपलो.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "आधी घरच्या घरी करून पाहू." पण मला दम कुठं? माझ्या बहिणीची अब्रू चारचौघांत गेली होती, ती चारचौघांतच परत यायला हवी होती. मी काकूंना बोलावलं, गल्लीतल्या दहा-पंधरा माणसांना बोलावलं. बर्फ मागवला, पॉट खाली काढला. सगळे अंगणात बसले असताना ताईनं शेंग चिरायला घेतली. ती चिरेना. कडकन मोडली आणि तिचा भुगा झाला. तोच भुगा दुधात उकळला. दूध मातकट झालं आणि वास सुटला तो आम्हा सगळ्यांच्या चांगलाच ओळखीचा. कापूस वेचून झाल्यावर वावरात उभी राहते ती वाळकी पऱ्हाटी आम्ही चुलीत घालतो ना, तिचा.

आइस्क्रीम लोकांनी शिष्टाचारापुरतं चाखलं. काकूंनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अवो बाप्पा! एवढा समुद्र पार करून गेला अन् पऱ्हाटी घेऊन आला? आपल्या वावरात कमी होती काय?" अंगण हसलं. मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. ताई वाट्या गोळा करत होती. तिचा चेहरा पाहून मला जी लाज वाटली तशी आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात माझा असला तरी अवलक्षण पुन्हा तिच्याच कपाळी लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळभर मी त्या दुकानदाराला शिव्या घातल्या. ताईनं ऐकून घेतलं आणि मग भाकरी थापता थापता विचारलं, "घेतली कशी थे सांग. पयलेपासून."

मी सांगितलं. पहिल्या म्हाताऱ्याचा ओला माल कसा नाकारला, दुसऱ्याच्या शेंगा गालाला कशा लावल्या, सगळं जरा ऐटीतच सांगितलं. ताईचा हात थांबला. ती हसायला लागली. वर्षभरात मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. पिठाच्या हातानं तिनं डोळे पुसले.

"गालाले लावली? अरे, थे काय कापूस होता?"

"मग काय लावायचं?"

ती उठली. फळीवरच्या बरणीतली चिंच काढली, शिंकाळ्यातून एक जुनी, विसरलेली चिंच काढली, आणि दोन्ही माझ्या हातावर ठेवल्या. "डोळे मीट. सांग कोणती चांगली."

एक मऊ, चिकट, बोटाला धरून बसणारी. दुसरी कोरडी, टणक. प्रश्नच नव्हता.

"मंग? चिंच कोरडी घेतो का तू? खजूर कोरडा घेतो? शेंगेचा जीव तिच्या तेलात असते. तेल गेलं का पऱ्हाटीच राह्यली." मग तिनं विचारलं, "अन् थ्या पयल्या शेंगेचा वास कसा होता? कुबट?"

वास मी घेतलाच नव्हता.

"हुंगली नाई? मंग नाक कशाले ठेवलं तोंडावर, चष्म्यासाठी?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या क्षणी मला कळलं की मी तिच्यासाठी शेंग आणायला निघालो आणि एकदाही तिला विचारलं नाही की शेंग कशी बघायची. मी बाजारातला शहाणा; चुलीपाशी बसणाऱ्या बाईला मालातलं काय कळतं, असं मनात कुठंतरी होतंच. ते मी तिला त्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "माहीत हाय मले. भाकर करपते, थे पाय."

मग माझी शाळा सुरू झाली. दिवाळीपर्यंत ताई रोज काहीतरी माझ्या हातावर ठेवायची आणि डोळे मिटायला लावायची. नवं हळकुंड आणि जुनं, या सालचा गूळ आणि गेल्या सालचा, किडका खजूर आणि निरोगी. पापडावरची बुरशी आणि लोणच्यावर सुटलेलं मीठ यांतला फरक ती मला बोटाच्या टोकानं ओळखायला लावी. मी चुकलो की मारायची, खरंच, लाटण्यानं. गावात माझ्या पऱ्हाटीची गोष्ट जुनी होत नव्हती. बाजारात बंडीवाले विचारायचे, "भाऊ, यंदा आफ्रिकेतून काय, तुरीच्या तुराट्या आणता का?" मी दात ओठ खायचो आणि घरी येऊन गूळ हुंगायचो.

दुसऱ्या हंगामाला बोलावणं आलं तेव्हा ताईनं मला स्टेशनवर पोचवलं. गाडी सुटताना तिनं एकच सांगितलं, "बजारातला हात बी नेजो, अन् घरचा बी. दोन्ही लागतीन."

दोन्ही लागले. त्या वेळी मोंबासाला बोट सुटायला दोन दिवस होते आणि मी घाई केली नाही. पहिल्या दुकानात बाटल्या होत्या, सुरेख, रांगेत मांडलेल्या, अगदी स्वस्त. मी त्यांना नमस्कार करून बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात शेंगा होत्या. काळ्याभोर, लवचिक, चकाकणाऱ्या. बोटाला गुंडाळली, मोडली नाही. हुंगली, वास होता, पण पाहुण्यासारखा, दारातूनच परत जाणारा. ताईनं सांगितल्याप्रमाणे शेंग वर्तमानपत्रात दाबली. कागदावर तेलाचा भलामोठा डाग पडला आणि त्या डागाला वास मुळीच नाही. अर्क आधीच काढून घेतलेल्या शेंगेला वरून दुसरं तेल चोळलं होतं. तिसऱ्या दुकानातली जुडी मात्र झकास होती. वास, लवचिकपणा, सगळं जागच्या जागी. दुकानदार बांधायलाही लागला. तेव्हा माझा जुना हात जागा झाला. मी म्हटलं, थांबा, जुडी सोडा. तो म्हणाला, सोडत नाही कोणी. मी स्वतः दोरा सोडला आणि बोट थेट मधोमध घातलं. बाहेरच्या रांगेत सोनं, आत काड्या! वरून कीर्तन, आतून तमाशा. मोंबासाचा व्यापारी आणि आमचा बंडीवाला सख्खे भाऊ निघाले.

मग मी म्हाताऱ्याचं दुकान शोधलं. त्यानं मला पाहताच ओळखलं आणि पोटभर हसला. "आओ, गीला-गीलावाले सेठ!" मी हात जोडले आणि सगळी हकीकत सांगितली, पऱ्हाटीसकट. तो उठला, डबा घेऊन मला दारात उन्हात घेऊन आला, आणि एक शेंग तिरपी धरली. ज्याला मी बुरशी म्हणालो होतो त्या पांढऱ्या तंतूंवर ऊन पडलं आणि ते बारीक खडीसाखरेसारखे चमकले. शेंगेचंच सत्त्व पिकून वर आलेलं होतं ते. मग त्यानं टाकाऊ मालातली खरी बुरसटलेली शेंग आणून शेजारी धरली. तिच्यावरचं पांढरं उन्हातही मेलेलंच दिसत होतं, आणि वास बंद खोलीत राहिलेल्या ओल्या कपड्यांचा. हे ओळखायला मला आता कोणी शिकवायची गरज नव्हती. मीठ आणि बुरशी यांसाठी मी लाटण्याचा मार खाल्ला होता.

मी जुडी सोडली, मधली शेंग काढली, बोटाला गुंडाळली. सोडली तशी ती हळूच सरळ झाली. हुंगली. काय सांगू? त्या वासात गूळ होता, मनुका होत्या, लाकूड होतं आणि यांतलं काहीच नव्हतं. मी समोरच्या नळावर साबणानं हात धुतले, चहा प्यायलो, बंदरावर तासभर फिरून आलो आणि बोट पुन्हा नाकाशी नेलं. वास तिथंच, घरच्या माणसासारखा बसलेला. मी परत जाऊन त्याच्याकडच्या दोन जुड्या घेतल्या. म्हाताऱ्यानं त्या मेणकागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि बजावलं, उन्हात ठेवायच्या नाहीत, पाण्याजवळ न्यायच्या नाहीत, आठवड्यातून एकदा उघडून बघायच्या. मी आठवड्यातून एकदा कसला, दिवसातून चारदा बघत होतो.

मुंबईला कस्टमच्या साहेबानं डबा उघडायला लावला. झाकण निघताच शेजारच्या टेबलावरचे दोघं माना वळवून बघायला लागले. "हे काय?" साहेबानं विचारलं. "आइस्क्रीममध्ये घालायची शेंग. घरच्यासाठी आहे," मी म्हणालो. त्यानं चिठ्ठीवर सही केली, मला जा म्हणाला, आणि मी चार पावलं गेल्यावर हाक मारली. मी डबा छातीशी धरून मागं फिरलो. "जरा परत उघडा हो तो डबा," तो म्हणाला, आणि डोळे मिटून त्यानं एकदा दीर्घ श्वास घेतला. तिथंच मला कळलं की आपण जिंकलो.

ताईनं डबा मांडीवर घेऊन उघडला. एक शेंग बोटाला गुंडाळली, सोडली, नाकाशी नेली. मग म्हणाली, "हेच." एवढंच. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मी म्हटलं, बोलावतो लोकांना. ती म्हणाली, "नाई. फुकट खाऊ घातलं का लोक चव नाई पाहत, उपकार पाहतात. जिथं नाव गेलं तिथूनच आणीन." दुसऱ्या दिवशी धुवट लुगडं नेसून ती एकटी त्याच बंगल्यावर गेली, जिथं पोरं ओकली होती. त्या मुलाचा वाढदिवस पुन्हा जवळ आला होता. साहेबाच्या बायकोला तिनं सांगितलं, "आधी मी खाईन, तुमच्या समोर. मंग मोठे. मंग लेकरं. मनास आलं त द्या ऑर्डर." त्या बाई म्हणाल्या, ठीक आहे.

त्या दिवशी दांडा मी फिरवला. ताईनं शेंग उभी चिरली, आतला काळा गर सुरीच्या पाठीनं खरवडून गरम दुधात सोडला, आणि बंगल्याच्या मागच्या पडवीतून तो वास पुढच्या हिरवळीपर्यंत गेला. लोक माना वर करून बघू लागले. पण ताईनं पहिला घास खाण्याआधीच वाट्या बाहेर गेल्या आणि कुजबुज सुरू झाली. पांढऱ्याशुभ्र आइस्क्रीममध्ये काळे काळे कण! "इसमें कुछ गिर गया है," एक बाई म्हणाली. दुसरीनं आपल्या मुलाच्या हातातली वाटी काढून घेतली. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी मनात म्हणालो, पुन्हा? पुन्हा तेच?

ताई पडवीतून बाहेर आली. हातात पांढरी बशी, सुरी आणि एक अख्खी शेंग. हिरवळीच्या मधोमध टेबलाशी उभी राहून तिनं सगळ्यांदेखत शेंग चिरली आणि गर बशीवर काढला. तेच काळे कण. "हे गिरलं नाई बाई, हे टाकलं हाय," ती म्हणाली. "हीच व्हॅनिला. बाटलीत हे दिसत नाई, म्हणून बाटलीत काय हाय थे कोणाले कळत नाई. घ्या, वास घ्या." तिनं बशी फिरवली आणि स्वतः वाटी उचलून उभ्या उभ्या सगळी संपवली. हातच्या कंकणाला आरसा कशाला? बशी हातोहात फिरली, ज्या बाईनं वाटी काढून घेतली होती ती दोनदा हुंगून बसली, आणि मोठी माणसं चमचा उचलतात न उचलतात तोच ज्याचा वाढदिवस होता त्या पोरानं ठरलेला क्रम मोडून आपली वाटी चाटून पुसून टाकली होती.

पॉट तळाला लागेपर्यंत लोक उठले नाहीत. एका वयस्क साहेबांनी तर पडवीत येऊन डब्याच्या कडेचं खरवडून मागितलं. मी त्यांना दांड्यासकट डबा धरून दिला. मला नाचावंसं वाटत होतं. ताई शांतपणे पुढच्या रविवारची ऑर्डर ऐकत होती, आणि तिसरी बाई बोलायला लागल्यावर म्हणाली, "थ्या रविवारी जमणार नाई, त्याच्या पुढचा घ्या." किती वर्षांनी तिच्या तोंडून 'जमणार नाई' ऐकलं मी!

त्या उन्हाळ्यात पॉट एक दिवस कोरडा राहिला नाही. पुलगावाबाहेरून, थेट वर्ध्याहून बोलावणी येऊ लागली. बाजारात बंडीवाल्यांनी पऱ्हाटीचा विषय सोडला आणि ते आपल्या घरच्या लग्नासाठी माझ्यामार्फत तारखा मागायला लागले. मी त्यांचा कापूस आणखी कडक तपासायचो, तेवढा सूड घेणं मला भागच होतं.

आणि मग एका सकाळी शेजारच्या काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, आइस्क्रीम तुमच्याच हातचं पाह्यजे. पोरगी ऐकत नाई." आणि मान खाली घालून पुढं म्हणाल्या, "मायी जीभ त्या दिवशी चुकली. इहिरीवर."

मला वाटलं ताई आता सुनावेल. मी तर सुनावायला तयारच होतो. पण ताईनं एवढंच विचारलं, "मांडवात कोणत्या दारानं येऊ?"

विधवा बाई शुभकार्यात मागच्या दारानंच यायची, हे काकूंनाही ठाऊक होतं. मग त्या म्हणाल्या, "समोरच्या. अन् पयला चमचा तुम्हीच भरवा, नवरा-नवरीले."

लग्नाच्या दिवशी ताई समोरच्या दारानं मांडवात गेली, पुढं ती आणि मागं पॉट उचलून मी. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. काकूंनी स्वतः तिचा हात धरून तिला बोहल्यापाशी नेलं. एवढ्या बाया, एवढे म्हातारे, पण कोणी हूं की चूं केलं नाही. ताईनं चमचा भरला. तिनं चमचा नवरीच्या ओठांशी नेला. नवरीनं खाल्लं, डोळे मिटले, आणि सगळ्या मांडवादेखत तोंड पुन्हा उघडलं.

"अजून दे न, मावशी," ती म्हणाली.